'गेट ऑन बोर्ड' : दोन ध्वनिमुद्रिका आणि 'लोकगीत' या संज्ञेचा इतिहास

१

१९५२ मध्ये न्यूयॉर्क येथील फोकवेज रेकॉर्ड्स या संस्थेने दहा इंच व्यासाची एक लाँग-प्ले तबकडी प्रसिद्ध केली. तिचे शीर्षक 'गेट ऑन बोर्ड' असे असून 'फोकमास्टर्सनी गायिलेली निग्रो लोकगीते' अशा अर्थाचे उपशीर्षक त्या काळी रूढ असलेल्या शब्दांत तिला जोडलेले होते. हार्मोनिकावर सनी टेरी, गिटारवर ब्राउनी मॅकगी आणि गायनास व माराकास या खुळखुळ्यासारख्या तालवाद्यास कॉयल मॅकमहन, असा हा तिघांचा मेळ होता. पुढे सत्तर वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, ताज महाल हे नाव धारण करणारे गायक-वादक व गिटारवादक राय कूडर यांनी याच शीर्षकाची संयुक्त ध्वनिमुद्रिका नन्सच या संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. टेरी व मॅकगी यांच्या भांडारातील अकरा गीते तीत असून तिच्या वेष्टनाची रचनाही जुन्या तबकडीवरून घेतलेली आहे.

वरवर पाहता हा शिष्यांनी गुरूंना केलेला नमस्कार आहे, आणि तसा तो आहेच. परंतु दोन्ही ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून पाहिल्यास त्यांतून एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. पहिल्या तबकडीवर जे 'लोकगीत' म्हणून आले ते कोणी ठरविले? त्याच कलावंतांचे जे संगीत तिच्यावर आले नाही ते कोणत्या नावाखाली, कोणाला विकले जात होते? 'लोकगीत', 'ग्रामीण ब्लूज', 'रेस' या संज्ञा संगीताचे वर्णन करतात असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः त्या संगीतापेक्षा श्रोत्याचे वर्णन अधिक करतात. या एका जोडीच्या इतिहासातून हे स्पष्ट करता येते.

२

या संज्ञांचा जन्म बाजारपेठेत झाला. १९२० मध्ये मेमी स्मिथ यांचे 'क्रेझी ब्लूज' ओके या कंपनीने प्रसिद्ध केले आणि त्याचा खप पाहून कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र तबकड्या काढण्याची प्रथा पडली. या तबकड्यांना 'रेस रेकॉर्ड' हे नाव मिळाले. दक्षिणेतील गौरवर्णीय ग्रामीण गायकांच्या तबकड्या 'हिलबिली' या मथळ्याखाली जात. दोन्हीकडे पुष्कळ गीते समान असत, वाद्ये समान असत, किंबहुना एकमेकांचे ऐकूनच ती शिकलेली असत. तरीही सूचिपत्रांत त्यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. १९४९ मध्ये बिलबोर्ड या व्यापारी नियतकालिकाने 'रेस' हा शब्द काढून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हा शब्दप्रयोग स्वीकारला. शब्द सभ्य झाला, परंतु विभागणी तशीच राहिली.

'फोक' या शब्दाचा वंश निराळा आहे. तो विद्यापीठांतून, संग्राहकांकडून आणि पुढे १९३०-४० च्या दशकांतील पुरोगामी चळवळींतून आला. लोकगीत म्हणजे जुने, सामूहिक, अनामिक आणि बाजाराचा स्पर्श न झालेले, अशी त्यामागील कल्पना होती. या दोन शब्दवंशांची गाठ घालून देण्याचे काम पुढे 'कंट्री ब्लूज' या नावाने केले. सॅम्युएल चार्टर्स यांचा याच शीर्षकाचा ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही संज्ञा रूढ होण्यास त्याने मोठे साहाय्य केले. १९२० च्या दशकात 'रेस रेकॉर्ड' म्हणून विकली गेलेली गिटारवरील गीते आता 'ग्रामीण ब्लूज' म्हणून नव्या, बहुतांशी गौरवर्णीय व सुशिक्षित श्रोत्यांपुढे आली. गीत तेच राहिले, त्याचे ग्राहक बदलले, आणि ग्राहकांबरोबर नाव बदलले.

३

सनी टेरी यांचे मूळ नाव सॉन्डर्स टेरेल. त्यांचा जन्म १९११ मध्ये जॉर्जिया राज्यातील ग्रीन्सबरो येथे झाला. वडील शेती करीत व हार्मोनिका वाजवीत, आणि मुलाला ते वाद्य त्यांच्याकडूनच मिळाले. अल्पवयात झालेल्या दोन अपघातांत टेरी यांची दृष्टी गेली आणि शेतीचा मार्ग बंद झाला. वादन हे तेव्हापासून त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. ब्राउनी मॅकगी यांचा जन्म १९१५ मध्ये टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे झाला. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा एक पाय अधू झाला होता. धाकटे बंधू ग्रॅन्व्हिल त्यांना गाडीत बसवून काठीने ढकलीत नेत, म्हणून ग्रॅन्व्हिल यांना 'स्टिक' हे टोपणनाव पडले असे सांगितले जाते.

दोघांची संगीतभूमी पीडमाँट ही होय. ॲपलेशियन पर्वतरांग आणि अटलांटिक किनाऱ्याचे मैदान यांच्यामधील हा पट्टा आहे. तेथील गिटारवादनात अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर चाल वाजवितात, त्यामुळे एकाच वाद्यातून दोन वादकांचा भास होतो. या शैलीचे सर्वांत लोकप्रिय कलावंत ब्लाइंड बॉय फुलर हे नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथे राहत. टेरी १९३७ पासून त्यांच्या तबकड्यांवर साथ करू लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डरहॅम हे खेडे नव्हते, ते तंबाखूच्या कारखान्यांचे व वखारींचे शहर होते. तंबाखूचा बाजार भरे तेव्हा शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या हाती रोख पैसा खुळखुळे आणि वादक त्या गर्दीत रस्त्यावर उभे राहून वाजवीत. ज्यास पुढे 'ग्रामीण ब्लूज' म्हटले गेले त्याचा एक प्रमुख प्रवाह असा कारखान्याच्या दारात वाढलेला आहे.

फुलर १९४१ मध्ये निवर्तले. तत्पूर्वी १९४० पासून मॅकगी यांच्या तबकड्या निघू लागल्या होत्या. कंपनीने आता त्यांना 'ब्लाइंड बॉय फुलर क्रमांक २' या नावाने बाजारात आणले. मॅकगी अंध नव्हते आणि फुलर यांचे नातलगही नव्हते. एखाद्या मालाच्या छापाप्रमाणे कलावंताचे नाव दुसऱ्याला चिकटविण्याचा हा प्रकार, नामकरणाची सत्ता कोणाच्या हाती होती हे पुरेसे स्पष्ट करतो.

टेरी यांचे नामकरण दुसऱ्या दिशेने झाले. २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी 'फ्रॉम स्पिरिच्युअल्स टू स्विंग' हा कार्यक्रम योजिला. फुलर येऊ शकले नाहीत, म्हणून टेरी एकटेच रंगमंचावर आले आणि एका रात्रीत महानगरातील रसिकांच्या दृष्टीने ते लोकपरंपरेचे प्रतिनिधी ठरले. याच कार्यक्रमात शिकागोमध्ये अनेक वर्षे व्यावसायिक तबकड्या काढलेले बिग बिल ब्रून्झी हे आर्कान्सा राज्यातील शेतकरी म्हणून सादर केले गेले. श्रोत्यांना शेतकरी हवा होता आणि शहरी कलावंताला तो व्हावे लागले.

४

१९४२ च्या सुमारास टेरी व मॅकगी न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तेथे त्यांना लेड बेली यांच्या घरी आश्रय मिळाला. पुढील दशकातील त्यांचे जीवन दुहेरी आहे, आणि ते दुहेरीपण लक्षात घेतल्याखेरीज १९५२ ची तबकडी समजत नाही.

एकीकडे वुडी गथ्री, पीट सीगर आदींच्या वर्तुळातील लोकगीतांचे मेळावे होते. तेथे विद्युत्-ध्वनिवर्धन नको असे, ड्रम नको असे, जुनी गीते हवी असत. दुसरीकडे हार्लेम होते. तेथील नृत्यगृहांसाठी व ज्यूकबॉक्ससाठी मॅकगी पियानो, बास व ड्रम यांच्या साथीने तबकड्या काढीत होते. त्यांचे 'माय फॉल्ट' हे गीत १९४८ मध्ये सॅव्हॉय या छापाखाली गाजले. १९४९ मध्ये बंधू स्टिक मॅकगी यांचे 'ड्रिंकिन' वाइन स्पो-डी-ओ-डी' ॲटलांटिक कंपनीने काढले, त्यात गिटारवर ब्राउनी होते, आणि या गीताने त्या नव्या कंपनीला पहिले मोठे यश मिळवून दिले. टेरी १९४७ मध्ये 'फिनियन्स रेनबो' या ब्रॉडवेवरील संगीत नाटकात वाजवीत होते आणि १९५५ पासून दोघेही 'कॅट ऑन अ हॉट टिन रूफ' या नाटकात रंगमंचावर होते. म्हणजे १९५२ मध्ये फोकवेजच्या ध्वनिमुद्रणास बसलेले हे दोघे आधुनिक शहरी बाजारपेठेचे पुरते जाणकार व्यावसायिक होते. 'फोकमास्टर्स' या समासातच हा विसंवाद दडलेला आहे. 'फोक' म्हणजे अनामिक समूह, 'मास्टर' म्हणजे नाव असलेला उस्ताद. दोन्ही एकाच वेळी होणे कठीण, परंतु या कलावंतांकडून नेमकी तीच अपेक्षा होती.

तबकडीवरील गीतांचा प्रवास पाहिला तरी 'बाजाराचा स्पर्श न झालेली मौखिक परंपरा' ही कल्पना टिकत नाही. 'द मिडनाइट स्पेशल' हे दक्षिणेतील तुरुंगांशी निगडित गीत. रात्रीच्या आगगाडीचा प्रकाश हा त्यातील सुटकेचा संकेत आहे. परंतु १९२६ मध्येच त्याची व्यावसायिक तबकडी निघाली होती, १९२७ मध्ये कार्ल सँडबर्ग यांच्या गीतसंग्रहात ते छापले गेले होते, आणि १९३४ मध्ये लुइझियानातील अँगोला तुरुंगात लोमॅक्स पितापुत्रांनी ते लेड बेली यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केले होते. मुख, मुद्रण आणि तबकडी या तिन्ही वाटांनी ते टेरी व मॅकगी यांच्यापर्यंत पोहोचले.

'पिक अ बेल ऑफ कॉटन' हे गीत वऱ्हाडातील वाचकास विशेष कळेल. दिवसाला एक गाठ कापूस वेचण्याची बढाई हा त्याचा विषय. अमेरिकेतील कापसाची गाठ सुमारे पाचशे पौंड रुईची असते, आणि रुई ही सरकीसह वेचलेल्या कापसाच्या साधारण एक-तृतीयांश भरते. म्हणजे एका गाठीसाठी जवळजवळ पंधराशे पौंड कापूस वेचावा लागेल. उत्तम वेचणाऱ्याची दिवसाची मजल दोन-तीनशे पौंडांपलीकडे क्वचितच जाई. गीतातील दावा अशक्य आहे आणि गाणाऱ्यांना तो अशक्य असल्याचे पुरते ठाऊक होते. ज्यांच्या दिवसाचे वजन मुकादमाच्या तराजूवर ठरत होते त्यांनी केलेली ती त्या तराजूची थट्टा आहे. शहरी श्रोत्याने ते 'आनंदी श्रमगीत' म्हणून ऐकले, याचे कारण त्याला गाठीचे वजन माहीत नव्हते.

'आय शॅल नॉट बी मूव्हड' या प्रार्थनागीताचा इतिहास भाषाशास्त्रदृष्ट्या उद्बोधक आहे. जलाशयाकाठी लावलेल्या वृक्षाची बायबलमधील प्रतिमा त्याच्या मुळाशी आहे. १९३० च्या दशकात खाणकामगारांच्या व शेतमजुरांच्या संघटनांनी हे गीत उचलले आणि त्यातील 'मी'च्या जागी 'आम्ही' घातले. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीतही ते गायिले गेले. एका सर्वनामाच्या बदलाने व्यक्तीची श्रद्धा समूहाची प्रतिज्ञा झाली. इंग्रजीत या 'वी'मध्ये श्रोता समाविष्ट आहे की नाही हे कळत नाही. मराठीत मात्र 'आम्ही' व 'आपण' यांपैकी एकाची निवड करावीच लागते. मालकापुढे गाताना ते 'आम्ही' असते, सभेत गाताना 'आपण' होते. फोकवेजच्या तबकडीवर टेरी, मॅकगी व मॅकमहन यांनी मात्र 'मी' कायम ठेवला. म्हणजे चळवळीच्या अगदी निकट वावरूनही त्यांनी गीताचे चर्चमधील रूप सोडले नाही. येथे निवड कलावंतांची दिसते, श्रोत्यांची नव्हे.

वादनातही हीच स्वायत्तता दिसून येते. टेरी यांचे वाद्य म्हणजे जर्मनीतील कारखान्यात युरोपीय स्वरांसाठी तयार होणारी स्वस्त हार्मोनिका. ज्या स्वरात ती जुळविलेली असते त्याच्या पंचमाला षड्ज मानून ती वाजवावयाची, असा प्रघात कृष्णवर्णीय वादकांनी पाडला. आपल्याकडील मूर्च्छनेच्या तत्त्वाशी हा प्रकार जुळतो. शुद्ध स्वरांच्या सप्तकाचा पंचम षड्ज केला की निषाद कोमल होतो, म्हणजे खमाज थाटाची स्वररचना मिळते. शिवाय मुख्य स्वर श्वास आत ओढून वाजत असल्यामुळे ते ओठ व जीभ यांच्या दाबाने खाली वाकविता येतात आणि गांधार शुद्ध व कोमल यांच्यामध्ये तरंगत राहतो. टेरी यांनी याच्या जोडीला उंच आवाजातील आरोळी आणली. फुंक, ओढ व आरोळी यांची सरमिसळ ते इतक्या वेगाने करीत की वाद्य कोठे संपले आणि कंठ कोठे सुरू झाला हे कळत नसे. हे 'अनामिक लोकां'चे वादन म्हणता येणार नाही. ती एका माणसाची घडविलेली शैली आहे.

५

'लोकगीत' या नावाने या दोघांना प्रतिष्ठा दिली हे नाकारता येत नाही. १९५८ मध्ये ख्रिस बार्बर यांच्या निमंत्रणावरून त्यांचा ब्रिटनचा दौरा झाला. पुढील पंधरा-सोळा वर्षे महाविद्यालये व महोत्सव येथे त्यांना सातत्याने मागणी होती. १९८२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या संस्थेने राष्ट्रीय वारसा सन्मान सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी दोघांना तो मिळाला. परंतु या प्रतिष्ठेचे मोलही मोजावे लागले. ज्या जोडीने दोन वेगवेगळ्या दुनियांत लीलया संचार केला होता ती एकाच दुनियेत अडकली. हार्लेममधील तबकड्या 'खऱ्या' नव्हेत, असा अभिप्राय लोकगीतप्रेमी समीक्षेत उमटत राहिला. रंगमंचावर एकमेकांचे अविभाज्य सोबती भासणारे हे दोघे खाजगी जीवनात दुरावत गेले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास विभक्त झाले. टेरी १९८६ मध्ये व मॅकगी १९९६ मध्ये निवर्तले.

आणखी एक परिणाम कमी दिसणारा, परंतु अधिक खोल आहे. गीताला 'लोकगीत' म्हटले की कर्ता लुप्त होतो. 'ड्रिंकिन' वाइन' या गीताला 'ऱ्हिदम अँड ब्लूज' म्हटल्यामुळे त्याचा कर्ता म्हणून स्टिक मॅकगी यांचे नाव, निर्माते जे. मेयो विल्यम्स यांच्या नावासह का होईना, नोंदले गेले. तेच गीत एखाद्या संग्राहकाने तुरुंगात ध्वनिमुद्रित केले असते तर ते 'पारंपरिक' झाले असते. कर्तृत्व व मानधन यांचा प्रश्न अशा प्रकारे संज्ञेवर अवलंबून राहतो.

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व समजते. ताज महाल यांचा जन्म १९४२ मध्ये हार्लेम येथे झाला. वडील कॅरिबियन वंशाचे जाझ संगीतकार, आई दक्षिण कॅरोलिनातील. कूडर हे १९४७ मध्ये जन्मलेले लॉस एंजेलिसचे गौरवर्णीय वादक. त्या शहरातील ॲश ग्रोव्ह या लोकसंगीतगृहात त्यांनी किशोरवयात टेरी व मॅकगी यांना ऐकले. १९६५ मध्ये दोघे रायझिंग सन्स या वाद्यवृंदात एकत्र आले. जुने ब्लूज व नवे रॉक यांचे मिश्रण करणाऱ्या या मिश्रवर्णीय वृंदाची एकच छोटी तबकडी कोलंबियाने त्या काळी काढली, आणि उरलेले ध्वनिमुद्रण १९९२ पर्यंत पडून राहिले. पुढे दोघांनीही ठरीव कप्पे ओलांडले. कूडर यांनी विश्वमोहन भट्ट यांच्यासह केलेली 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये निघाली. ताज महाल यांनी भट्ट व चित्रवीणावादक एन. रविकिरण यांच्यासह १९९५ मध्ये 'मुमताज महल' केली.

२०२२ मध्ये ताज महाल यांनी गायन, हार्मोनिका, गिटार व पियानो, कूडर यांनी गायन, गिटार, मँडोलिन व बँजो, आणि त्यांचे पुत्र जोआकिम यांनी ड्रम व बास अशी वाटणी केली. ध्वनिमुद्रण घरातील बैठकीत झाले. जुन्या तबकडीतील 'द मिडनाइट स्पेशल', 'पिक अ बेल ऑफ कॉटन' व 'आय शॅल नॉट बी मूव्हड' ही गीते येथे आहेत. परंतु त्यांच्या पंगतीला 'ड्रिंकिन' वाइन स्पो-डी-ओ-डी' देखील आहे. १९५२ मध्ये ज्या गीताला फोकवेजच्या तबकडीवर स्थान मिळणे अवघड होते ते येथे प्रार्थनागीताच्या शेजारी बसले आहे. ड्रमही आहेत. प्रारंभीचे गीत 'माय बेबी डन चेंज्ड द लॉक ऑन द डोअर' हे आहे. त्यातील 'डन' हा इंग्रजी व्याकरणातील दोष नसून कृष्णवर्णीय अमेरिकन इंग्रजीतील नियमबद्ध असा पूर्णतावाचक प्रत्ययरूप शब्द आहे. मराठीत 'कुलूप बदलले' आणि 'कुलूप बदलून टाकले' यांत जो फरक आहे तोच येथे आहे: क्रिया पुरी झाली, आता इलाज नाही, आणि बोलणाऱ्याला ते लागले आहे. ज्या भाषेला दीर्घकाळ 'अशुद्ध' म्हटले गेले तिचे व्याकरण या शीर्षकात शाबूत आहे.

अर्थात ही ध्वनिमुद्रिका देखील नामकरणातून सुटली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो 'पारंपरिक ब्लूज' या विभागात, जसा 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये 'वर्ल्ड म्युझिक' या विभागात मिळाला होता. कप्प्यांवाचून बाजार चालत नाही आणि वर्गीकरणावाचून अभ्यासही चालत नाही.

६

१९५२ ची 'गेट ऑन बोर्ड' ही अस्सल लोकपरंपरेचा निर्भेळ नमुना नाही, तशीच ती बनावटही नाही. ती दोन कुशल व्यावसायिकांनी एका विशिष्ट श्रोतृवर्गासाठी, त्या वर्गाच्या अपेक्षा जाणून, परंतु स्वतःच्या शैलीशी तडजोड न करता केलेली निवड आहे. २०२२ च्या ध्वनिमुद्रिकेने त्या निवडीतून वगळलेला अर्धा भाग परत आणून ठेवला, आणि म्हणूनच तिला केवळ स्मरणरंजन म्हणणे अपुरे ठरते. फोकवेजचा संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेल्यामुळे मूळ तबकडीतील गायन-वादन आजही उपलब्ध आहे, आणि दोन्ही एकत्र ऐकणे शक्य आहे.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाने यावरून घ्यावयाचा बोध असा की, 'हे गीत लोकगीत आहे काय?' या प्रश्नापूर्वी 'त्याला लोकगीत कोणी, केव्हा आणि कोणासाठी म्हटले?' हा प्रश्न विचारला पाहिजे. संग्रहातील प्रत्येक 'अनामिक' गीतामागे नाव असलेला कोणी तरी गायक उभा असतो. त्याचे नाव नोंदवहीत नसेल, तर ती उणीव परंपरेची की नोंदवहीची, हे तपासणे अभ्यासकाचे काम आहे.